दीड सूत

त्यांना सगळे ‘जैसेथे’ म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. तरुणपणी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आणि गिऱ्हाइकानं कितीही गळ घातली की जरा अक्षर फुगवा, जरा लाल भडक करा, तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "नमुन्यात जसं आहे तसं येईल." एका शिंप्यानं वैतागून विचारलं होतं, "आणि नमुन्यावर माशी बसली असेल तर?" ब्रशवरची नजर न काढता ते म्हणाले, "मग माशीही येईल." शिंप्यानं ही गोष्ट गल्लीभर केली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे पुढे तर पोस्टमनही त्याच नावानं हाक मारू लागला.

मग छापील फ्लेक्स आले आणि हातानं पाट्या रंगवणाऱ्यांचे दिवस फिरले. बरोबरीच्यांपैकी कुणी घरांना रंग द्यायला लागले, कुणी ब्रश धुऊन माळ्यावर टाकले. जैसेथे घरात बसले आणि खिडकीतून दिसणारा रस्ता रंगवू लागले. सहा-सहा फुटांचे कॅनव्हास. ओलं डांबर, त्यात उलटा पडलेला सिग्नलचा लाल दिवा, बसच्या काचेवर कुणीतरी हातानं पुसलेला गोल, एका दुकानाच्या काचेत दिसणारं समोरचं दुकान. लोक लांबून म्हणायचे, "फोटोच आहे की!" मग जवळ यायचे, कुणाचं लक्ष नाही असं बघून नखानं हळूच खरवडायचे आणि ओशाळून हात मागे घ्यायचे.

त्यांचं बसथांब्याचं मोठं चित्र वाचनालयात लावलं होतं. एक दिवस एक बाई त्याच्यासमोर उभी राहिली ती हलेचना. ग्रंथपालानं चौकशी केली तेव्हा तिनं रांगेतल्या एका नखाएवढ्या माणसावर बोट ठेवलं. काखेत छत्री धरून उभा असलेला, पाठमोरा. "हे आमचे हे," ती म्हणाली. "छत्री अशी फक्त तेच धरायचे." तो माणूस जाऊन आठ महिने झाले होते. चित्र ज्या फोटोवरून काढलं होतं तो फोटो, तो माणूस जायच्या दोन दिवस आधीचा होता. ती बाई मग दर गुरुवारी येऊ लागली. आणि त्या भागात एक गोष्ट पक्की झाली, की जैसेथेंच्या चित्रात जे आहे ते होतंच, आणि जे नाही ते नव्हतंच.

गंमत म्हणजे, तिथे माणूस आहे हे जैसेथेंना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्यांची कामाची रीतच तशी होती. खिडकीजवळच्या फरशीवर त्यांनी लाल ऑइलपेंटच्या तीन खुणा करून ठेवल्या होत्या. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे तीन पाय त्या खुणांवरच यायचे, केसभरही इकडेतिकडे नाही. मग फोटो मोठा करून घ्यायचा, त्यावर इंचाइंचाचे चौकोन आखायचे, कॅनव्हासवर तेवढेच पण मोठे चौकोन पाडायचे, आणि फोटो उलटा टांगायचा, डोकं खाली पाय वर. त्यावर एक काळा पुठ्ठा, पुठ्ठ्याला एका चौकोनाएवढी खिडकी. एका वेळी एकच चौकोन दिसणार. "नाक आहे असं कळलं की हात नाक काढतो," ते म्हणत. "कळलं नाही की हात जे आहे ते काढतो."

"लग्नासाठी मला बघायला आलात तेव्हाही पुठ्ठा आणला होतात का हो?" बायको विचारायची. "नाही, अख्खी बघितल्याचं काही लक्षण दिसत नाही म्हणून म्हटलं."

खिडकीतून नेमकी समोर एक चारमजली जुनी इमारत दिसे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण, आक्का, एकटी राहायची. टेलिफोनच्या ऑफिसात तिनं उभी हयात काढली होती, पण निवृत्त झाल्यापासून भावाशी बोलायला तिला फोन कधी लागला नाही. खिडकीत यायची, पत्र्याच्या डब्यातली कोरफड बाजूला सारायची आणि रस्त्यापलीकडून हाक घालायची, "बाब्याऽऽ, जेवलास का?" खालचे दोन रिक्षावाले कधीकधी परस्पर उत्तर देऊन टाकायचे, "जेवले, आक्का!"

इमारतीच्या तळमजल्यावर दिव्यांचं दुकान होतं. झुंबरं, भिंतीवरचे दिवे, टेबलावरचे दिवे. मालकांना सगळे दिवेवाले म्हणत. त्या वर्षी त्यांनी शेजारचा गाळाही घेतला, मधली भिंत पाडून एकच लांबलचक दालन केलं, उरलेल्या दोन खांबांना चारी बाजूंनी आरसे ठोकले आणि जैसेथेंकडे आले.

"दरवाजातून आत शिरल्या शिरल्या समोर आपली इमारत दिसली पाहिजे. रुबाबात. उद्घाटनाला पाहिजे बरं का."

"जशी आहे तशी येईल," जैसेथे म्हणाले.

"तेच तर पाहिजे!"

दोनशे सहाव्या चौकोनापाशी हात अडला. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांखालून इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सिमेंटचा एक पट्टा गेलेला होता. तो प्रत्येक चौकोनात एकाच उंचीवर यायला हवा होता, आणि आतापर्यंत येतही होता. पण उलट्या फोटोत तो इथे वर उचलला गेलेला दिसत होता. म्हणजे सुलट पाहिलं तर खाली बसलेला. कॅनव्हासवर मोजलं तर दीड सूत. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. पाटीवाल्यांची जिंदगी सुतात मोजलेली असते. पट्ट्याखाली एक बारीक काळी रेघही होती, तिरपी, केसासारखी.

जैसेथेंनी पुठ्ठा काढला नाही. त्यांनी स्वतःची समजूत घातली: कॅमेऱ्याचं भिंग कडेच्या रेघा वाकवतंच, दर चित्रात आपण त्या पट्टी लावून सरळ करतोच. आणि रेघ म्हणजे भिंगावरचा केस. मनाच्या तळाशी त्यांना पक्कं ठाऊक होतं, की भिंग कडेला खोटं बोलतं, मध्यावर नाही. आणि दोनशे सहावा चौकोन बरोबर मध्यावर होता. पण उद्घाटनाला सहा दिवस उरले होते. पट्टा वाकडा काढला तर येणारा प्रत्येकजण म्हणणार, वय झालं, हात हलायला लागला. त्यांनी पट्टी लावली, पट्टा सरळ ओढला आणि केस गाळला. माशीही येईल म्हणणाऱ्या माणसानं केस गाळला.

उद्घाटनाला शंभर दिवे एकदम लागले आणि चित्र असं झळाळलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. आक्का नवी साडी नेसून आली होती. तिनं स्वतःची खिडकी शोधली, कोरफडीची पातीन् पाती मोजली, आणि शेजारणीला म्हणाली, "बघा, डब्यावरचं गोडेतेलाचं लेबलसुद्धा वाचता येतंय. आमचा बाब्या!" जैसेथे दुसरीकडे पाहत होते.

अडीच महिन्यांनी त्यांनी स्वतःसाठी त्याच रस्त्याचं नवं चित्र काढायला घेतलं. तिकाटणं लाल खुणांवर ठेवलं. भिंग कापडानं तीनदा पुसलं. फोटो आला, तसे त्यांनी आधीच्या फोटोवरून रेघा उतरवून घेतलेला पातळ कागद त्यावर पसरला. सिग्नलचा खांब जुळला. शेजारच्या इमारतीची गच्ची जुळली. रस्त्याची कड जुळली. फक्त समोरच्या इमारतीचा पट्टा मध्यावर जुळेना. केस तिथेच होता, आता चौकोनभर लांब झालेला.

बायको चहा घेऊन आली तेव्हा ते खाली बसून पट्टीनं पुन्हापुन्हा मोजत होते.

"काय हरवलंय?"

"तीन सूत," ते म्हणाले.

"सापडेल हो. सूतच ते."

"चित्रावरचं तीन सूत म्हणजे तिथे जवळजवळ चार इंच." त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. "इमारत मधून बसतेय. आणि हे मला अडीच महिन्यांपूर्वी दिसलं होतं."

बायकोनं कप खाली ठेवला. ती खिडकीत गेली. समोर आक्का वाळत घातलेला टॉवेल झटकत होती. इमारत नेहमीसारखी, उन्हात, धुणं लेवून उभी होती. नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं. त्याचीच बायकोला जास्त भीती वाटली.

जैसेथे तसेच चपला अडकवून आक्काकडे गेले. जिना चढताना त्यांनी पहिल्यांदाच भिंतीला हात लावून पाहिला. आक्कानं दार उघडलं ते खांद्यानं रेटून.

"फुगतं मेलं. सुतारमामांकडून तीनदा रंधून घेतलं, तरी पुन्हा अडतं. तू का असा पांढरा पडलायस? बस."

ते बसले नाहीत. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. आक्का ऐकत होती, आणि ऐकताना तिच्या चेहऱ्यावर ते लहानपणी शाळा चुकवून आल्यावर जे यायचं तेच येत होतं.

"म्हणजे मी घर सोडायचं? तुझी पट्टी सांगते म्हणून?"

"चार दिवस आमच्याकडे राहायला ये. मी नगरपालिकेत अर्ज देतोय. त्यांचे लोक येऊन बघतील, मग ठरवू."

"एकेचाळीस वर्षं राहतेय रे इथे. दिवेवाल्यांनी परवाच सगळ्यांना सांगितलं, इमारत ठणठणीत आहे. कुणीतरी प्लॅस्टर पडल्याचं म्हणालं, तर त्यांनी हाताला धरून तुझ्या चित्रासमोर नेलं. म्हणाले, हा माणूस तेलाच्या डब्यावरचं लेबल सोडत नाही, तो तडा सोडेल का?"



"तडा होता आक्का. मी काढला नाही."

 आक्का शांतपणे म्हणाली, "तू खोटं तेव्हा काढलंस की आत्ता सांगतोयस? दोन्हीतलं एक ठरव आणि मग ये. मी इथेच आहे."

नगरपालिकेत अर्ज घेतला. नंबर लागेल तसे माणूस येईल, साधारण तीन आठवडे, असं खिडकीतल्या बाई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला बोलावलं. दिवेवाल्यांकडे गेले तर ते हसले. "जैसेथे, चित्र कमी पैशात दिलं असं वाटतंय का? सरळ सांगा ना. असं घाबरवता कशाला?" दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी दारातूनच परतवलं. जैसेथेंच्या हातात नवा फोटो होता, चौकोन आखलेला, पण लोकांनी तो हातातही घेतला नाही. फोटो काय, कसाही काढता येतो. चित्र त्यांनी स्वतः काढलेलं होतं, आणि त्यांचं चित्र खोटं बोलत नाही हे साऱ्या रस्त्याला माहीत होतं.

त्या संध्याकाळी ते फोटो शेजारी ठेवूनच जेवायला बसले. बायको म्हणाली, "फोटो दाखवत फिरू नका. ज्यावर विश्वास आहे तेच दाखवा."

"ते तर सरळ आहे."

"मग वाकडं करा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कदाचित पुष्कळ वर्षांनी, अख्खी.

दुसऱ्या दिवशी दहाला दुकान उघडताच ते रंगांची पेटी, स्टूल आणि नवा फोटो घेऊन आत शिरले. नोकराला वाटलं, साफसफाई असेल. त्यांनी स्टूल चित्राखाली ठेवलं, वर चढले आणि कापडानं पट्ट्याचा मधला भाग पुसला. आयुष्यात पहिल्यांदा ते सुलट फोटोवरून, पुठ्ठ्याशिवाय काम करत होते. आणि पहिल्यांदाच त्यांना कळत होतं की आपण काय काढतोय. ही मास्तरांची खिडकी. हा त्यांच्या नातवाचा वाळत घातलेला सदरा. हा आक्काच्या खिडकीखालचा पट्टा, इथून खाली वळतो.  रेघ जिथे होती तिथेच पडत होती.

दिवेवाले आले तेव्हा निम्मा पट्टा बसलेला होता.

"अहो! काय चाललंय? खाली उतरा आधी!"

"मी हे चित्र खोटं काढलं होतं," जैसेथे न वळता म्हणाले. आवाज एवढा मोठा निघेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. "उद्घाटनाच्या आधीच फोटोत पट्टा दीड सूत खाली होता. हा तडाही होता. मला दिसला. मी गाळला. वाकडं काढलं तर माझं नाव जाईल म्हणून सरळ काढलं. आता ते तीन सूत आहे."

आरडाओरडा ऐकून लोक जमले. रिक्षावाले, वरचे भाडेकरू, मास्तर, आणि जिन्यात कुणाचं तरी दार रंधायला आलेले सुतारमामा, हातात रंधा तसाच. आक्काही उतरली होती. ती सगळ्यांच्या मागे उभी होती.

"म्हातारा चळलाय," दिवेवाले लोकांना म्हणाले. "इमारत उभी आहे ना? बाहेर जाऊन बघा, दिसतंय का कुणाला काही?"

कुणालाच काही दिसत नव्हतं. मास्तर मान हलवत परत फिरायला लागले. तेवढ्यात सुतारमामा कानामागची पेन्सिल काढून चित्राजवळ गेले. त्यांनी पेन्सिल बसलेल्या पट्ट्यावर धरली, मग वरखालच्या एकेका खिडकीवर ठेवत गेले.

"मास्तर, तुमचं दार कधी रंधलं?"

"मागच्या महिन्यात. दोनदा."

"शेजारच्या वहिनींचं दोनदा. वरच्या मजल्यावर आक्कांचं तीनदा, त्यांच्या बाजूच्यांचं तीनदा. टोकाच्या दोन्ही घरांचं एकदाही नाही." सुतारमामांनी पेन्सिल पट्ट्याच्या मध्यावर आणून थांबवली. "मी म्हणत होतो, दमट हवेनं लाकूड फुगतंय. धंदा बरा चाललाय, चालू दे. लाकूड फुगायचं तर सगळ्यांचं फुगलं असतं की."

मास्तर वळले. दुसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली, "मला वाटलं, आमचंच दार तसं." आणखी कुणी म्हणालं, "आम्हालाही." आजवर कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. अडणारं दार ही काय सांगायची गोष्ट आहे.

"आणि तो आरसा," दुकानातला नोकर चाचरत म्हणाला. मालकांनी डोळे वटारले, पण शब्द निघून गेला होता. "या खांबाचा. दोनदा तडकला. दोनदा बदलला आम्ही."

सगळ्यांनी खांबाकडे पाहिलं. आरशात ते सगळे दिसत होते, शंभर दिव्यांत, दाटीवाटीनं, एकमेकांच्या खांद्यावरून पाहणारे. खालच्या कोपऱ्यातून एक बारीक रेघ त्यांच्या पायांपर्यंत आली होती.

आक्का वर गेली. अर्ध्या तासानं एक पिशवी आणि कोरफडीचा डबा घेऊन उतरली. भावाजवळून जाताना थांबली.

"ठरवलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "खाली उतर आता. बाकीचं राहू दे."

दुपारपर्यंत वरचे मजले रिकामे झाले. तीन आठवड्यांनी येणारा नगरपालिकेचा माणूस त्याच दिवशी आला, जिना अर्धा चढून घाईघाईनं उतरला आणि दुकानाला टाळं लावायला लावून रस्त्यात दोरी बांधून गेला. दिवेवाल्यांनी चित्र भिंतीवरून काढून जैसेथेंच्या दारात आणून टेकवलं. "घ्या तुमचं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर आठ दिवस इमारत उभीच होती. ते आठ दिवस फार वाईट गेले. लोक दोरीपाशी येऊन हसायचे. मास्तरांचा मुलगा म्हणाला, काका, आता ती पडली नाही तर तुम्हीच ढकला. आक्का खिडकीत बसून स्वतःच्या खिडकीकडे बघत राहायची. जैसेथे रोज सकाळी नऊला लाल खुणांवर तिकाटणं मांडायचे.

"किती?"

"साडेतीन."

दुसऱ्या दिवशी, "किती रे?"

"तेवढंच."

नवव्या दिवशी सकाळी आक्का चपला घालून उभी राहिली. "पेन्शनचं पुस्तक राहिलंय कपाटात. पाच मिनिटांत येते. तेवढंच आहे म्हणतोस ना?"

"वन्सं, जाऊ नका हो," जैसेथेंची बायको म्हणाली.

"अगं, दोरीखालून वाकून जाईन. कोण बघतंय."

जैसेथेंचा डोळा कॅमेऱ्याला होता. समोर आक्काची खिडकी बंद होती. जाताना तिनं स्वतःच्या हातानं कडी लावलेली त्यांनी पाहिली होती. आता खिडकीचं एक दार हळूहळू बाहेर उघडत होतं. आत कुणी नव्हतं. मग शेजारच्या खिडकीचं. मग मास्तरांच्या.

त्यांनी बटण दाबलं नाही. मागे हात टाकून बहिणीचं मनगट धरलं, इतकं घट्ट की तिच्या हातावर पुढे चार दिवस वळ होता. "अरे, दुखतंय!" ती म्हणाली, आणि ते वाक्य संपेपर्यंत मध्यावरचा पट्टा खाली गेला, त्याच्या मागोमाग तिसरा मजला, आणि मग सगळंच. आवाज नंतर आला. धूळ रस्ता ओलांडून खिडकीतून आत शिरली, आणि बराच वेळ तिघांना एकमेकांची तोंडं दिसली नाहीत.

ते चित्र पुढे जैसेथेंच्या पुढच्या खोलीत राहिलं. निम्मा पट्टा खरा, निम्मा सरळ. पुरं करा म्हणून पुष्कळांनी सांगितलं. त्यांनी ब्रश लावला नाही. मास्तर येतात आणि नातवाचा सदरा शोधतात. दुसऱ्या मजल्यावरची बाई आली की आपल्या खिडकीशी नाक लावून उभी राहते. एकदा दिवेवालेही आले होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत, पाडलेल्या भिंतीच्या बरोबर वर तडा जिथे सुरू होतो त्या जागेकडे बघत राहिले आणि तसेच गेले.

आक्का आता इथेच असते. रोज सकाळी ओलं फडकं घेऊन चित्रासमोर जाते, तिसऱ्या मजल्यावरची एकच खिडकी पुसते आणि फडकं उलटून बघते.

"अजून निघतेय रे बाब्या," ती आतल्या खोलीकडे ओरडून सांगते. "धूळ."